आमची सभा कुठे भरते?

यंदा जानेवारीत, म्हणजे २०२६ च्या संक्रांतीला, आमच्या प्रभागात हळदीकुंकू अगदी जंगी झालं. निमित्तही तसंच होतं. चार वर्षं नगरपरिषदेत प्रशासक होते. मग एकदाची निवडणूक लागली, २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, २१ तारखेला मोजणी झाली आणि आमच्या प्रभागातून एक तरुण नगरसेविका निवडून आल्या. त्यांचंच हे हळदीकुंकू. मंगल कार्यालय, दारात रांगोळी, माइक, उखाण्यांची स्पर्धा आणि वाण म्हणून स्टीलचा झाकणाचा डबा. दीडशेच्या वर बायका जमल्या होत्या. एरवी वस्तीतल्या कामासाठी मी दारोदार फिरले तरी पंधराजणी जमवताना माझी दमछाक होते, म्हणून हा आकडा मी मुद्दाम लक्षात ठेवला!

उखाणे रंगात आले होते. खालच्या गल्लीतल्या एका काकूंच्या हातात माइक आला. त्यांनी उखाणा घेतलाच नाही. त्या म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं पाणी रात्री दोनला सोडतात. ते पहाटं पाचला सोडता येईल का, हे कुठं विचारायचं असतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? नगरसेविका गोड आहेत. त्या म्हणाल्या, "काकू, आज राहू दे ना. एकदा ऑफिसला या, अर्ज द्या." काकूंनी माइक खाली ठेवता ठेवता विचारलं, "ऑफिस कुठलं, तुमचं का नगरपालिकेचं? आणि तिथं मला कोण बसवून घेणार?"

कार्यक्रम पुढे सरकला. घरी आल्यावर डबा कपाटात गेला, पण काकूंचा प्रश्न काही जाईना. मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई, वीस वर्षं वस्तीत, बचत गटांत फिरते आहे. तरी 'कुठं विचारायचं' याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मैत्रिणींनो, आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय की लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य. १९९२ च्या डिसेंबरात संसदेने दोन घटनादुरुस्त्या केल्या, ७३ वी खेड्यांसाठी आणि ७४ वी शहरांसाठी. १९९३ मध्ये त्या लागू झाल्या. दिल्ली-मुंबईतला थोडा कारभार आपल्या दारापर्यंत यावा, हा हेतू. बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. आपल्या महाराष्ट्राने १९९० मध्येच ३० टक्के राखीव जागा दिल्या होत्या आणि २०११ मध्ये त्या ५० टक्के केल्या. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याला अख्खं पॅनेल बायकांचं निवडून आलं होतं. म्हणजे खुर्चीचा प्रश्न आपल्याकडे बऱ्यापैकी सुटला. मिस्टर मागे उभे राहून कागद पुढे सरकवतात हे खरंच, पण तेही हळूहळू कमी होईल असं मला वाटतं.

पण खुर्ची एकीला मिळते. बाकीच्या दीडशेजणींचं काय?

खेड्यातल्या बाईला निदान एक जागा कायद्याने दिलेली आहे. ती म्हणजे ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, की कुणाची ओळख लागत नाही. आपल्या राज्यात तर नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. मोठ्या शहरांसाठी घटनेत प्रभाग समित्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. आता आपल्या नगरपरिषदा बघा. लाखाच्या वर लोकसंख्या गेली तर ती 'अ' वर्गाची, चाळीस हजार ते एक लाख म्हणजे 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क'. तीन लाखांच्या जवळपासही आपण नाही. म्हणजे गावाला ग्रामसभा, मोठ्या शहराला प्रभाग समिती आणि आपण तालुक्याच्या गावच्या बायका मधल्या मध्ये! काकूंचा प्रश्न नेमका या फटीत पडला होता.

ग्रामसभा म्हणजे काही सोन्याचं अंडं नाही, हे मला माहेरी कळलं. आमच्या वहिनीच्या गावात महिला सभा सकाळी अकराला ठेवायचे. त्या वेळी बायका रानात असतात. मग शिपाई दुपारी रजिस्टर घेऊन घरोघर यायचा आणि बायका उंबऱ्यात उभ्या राहून सह्या करायच्या. सभा झाली कागदावर! वहिनी सांगते, "एक दिवस म्हटलं, सह्या आम्हीच करायच्या तर वर काय लिहिलंय ते वाचू तरी." वर लिहिलं होतं की महिलांनी गावाच्या वेशीवर कमान बांधण्याची एकमताने मागणी केली आहे. वहिनीने सही केली नाही. शेजारच्या दोघींनीही केली नाही. मग खरी सभा घ्यावी लागली, तीही संध्याकाळी, मारुतीच्या पारावर. कमानीऐवजी ओढ्याकाठी धुणं धुवायला कट्टा आणि हातपंपाची दुरुस्ती, असा ठराव झाला. कट्टा झाला, पंप अजून तसाच आहे. असो.

मला यातली गोष्ट अशी वाटते की त्या बायकांकडे न करायला का होईना, पण एक सही होती. सभा कायद्यात होती म्हणून खोटी घेता आली, आणि खोटी घेतली म्हणून अडवता आली. आमच्याकडे तर खोटीही होत नाही.

आणि ग्रामसभेने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचं, या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं सांगितलं. एका गावाच्या सभेतून निघालेली गोष्ट मंत्रालयापर्यंत गेली. एरवी कागद वरून खाली येतात, हा खालून वर गेला.

हेरवाड आठवायचं आणखी एक कारण आहे. त्या हळदीकुंकवाला आमच्या प्रभागातल्या विधवा बायका नव्हत्या. बोलावणंच नव्हतं. आमच्या झोपडपट्टीत एकटीने घर चालवणाऱ्या, रात्री दोनला उठून पाणी भरून सकाळी सहाला कामाला जाणाऱ्या बहुतेक त्याच आहेत. मुसलमान मोहल्ल्यातूनही दोघी-तिघीच आल्या होत्या. म्हणजे दीडशेजणी जमल्या म्हणून प्रभाग जमला असं नव्हे. हळदीकुंकवाला यजमानीण ठरवते कुणाला बोलवायचं. सभेत तसं नसतं, मतदार यादीत नाव असलं की झालं. हा फरक आपल्याकडच्या पुढाऱ्यांना कळत नाही की सोयीचा वाटत नाही, देव जाणे.

कुणी म्हणेल, लहान शहरात अशा सभा घेणं जमणार कसं? केरळमध्ये जमलंय. तिथल्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या शहरांत प्रत्येक वॉर्डाची 'वॉर्ड सभा' आहे, अगदी ग्रामसभेसारखी. म्हणजे आपल्यासारखंच गाव, पण तिथली काकू पाण्याच्या वेळेचा प्रश्न सभेत विचारू शकते.

केरळची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती नुसत्या कायद्याची नाही. १९९६ मध्ये तिथे 'जनतेचं नियोजन' अशी मोहीम सुरू झाली. राज्याच्या विकास योजनेच्या पैशातला ३५ ते ४० टक्के वाटा ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या हाती द्यायचं ठरलं. पैसा आला म्हटल्यावर लोक सभेला आले. नुसती चर्चा करायला कोण येणार? आपण तरी जातो का? सभेत सगळे एका ठिकाणी बसून भाषणं ऐकत नव्हते. पाणी, शेती, शाळा, आरोग्य असे विषयवार गट पाडून बसत. योजनेतला १० टक्के पैसा बायकांच्या कामांसाठी वेगळा काढायचा, असंही ठरलं.

तरीसुद्धा सुरुवातीला बायका आल्या की गप्प बसायच्या. आल्या तरी घरकुलाच्या नाहीतर शेळीच्या यादीत नाव आहे का ते बघून निघून जायच्या. (ओळखीचं वाटतंय ना?) फरक पडला तो कुटुंबश्रीमुळे. आलप्पुळा शहरात नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला गरीब घरांतल्या बायकांचे शेजारगट बांधायचा प्रयोग झाला होता. त्याच धर्तीवर १९९८ पासून कुटुंबश्री राज्यभर सुरू झाली. दहा ते वीस बायकांचा एक शेजारगट, वॉर्डातल्या सगळ्या गटांची मिळून एक समिती आणि पंचायत किंवा नगरपालिकेच्या पातळीवर त्या सगळ्यांची एक. गटात आधी बोलायची सवय होते. आपल्या गल्लीला काय हवं ते तिथे ठरतं आणि मग तेच सभेत मांडलं जातं. एकटी बाई उभी राहिली तर चारचौघांत तिची जीभ अडखळते. पण "आमच्या गटानं ठरवलंय" म्हटलं की आवाज बदलतो. बचत गटाची पासबुकं घेऊन बँकेत जाताना आपला बदलतो ना, तसाच.

आपल्याकडे गट काही कमी नाहीत. पण आपले गट पापड, लोणची, कर्जाचा हप्ता आणि कुणा ना कुणाच्या मेळाव्याला गर्दी, यातच अडकलेले. माझ्याच गटाच्या बैठकीत गटाराबद्दल बोललं की कुणीतरी म्हणतं, "ताई, ते राजकारण झालं, आधी हप्त्याचं बघा." मी बऱ्याचदा तिथेच थांबले आहे, हेही सांगून टाकते.

जगातही हा प्रयोग गरीब आणि मध्यम देशांनीच जास्त केला आहे. ब्राझीलमधल्या पोर्टो अलेग्री या शहराने १९८९ पासून शहराच्या बजेटमधल्या कामांचा क्रम वस्त्यांच्या सभांमधून ठरवायला सुरुवात केली. जिथे सोयी कमी त्या वस्तीला जास्त गुण, असा हिशेब होता. त्यातून गरीब वस्त्यांत पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या झपाट्याने वाढल्या. आपल्या पुण्यातही महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अर्ज घेऊन छोटी कामं बजेटमध्ये धरायला सुरुवात केली. पण पोर्टो अलेग्रीत पुढे सत्ता बदलली, उत्साह ओसरला आणि २०१७ मध्ये तर त्या सभाच थांबवल्या गेल्या. ज्याच्या मर्जीने सुरू होतं ते त्याच्या मर्जीने बंदही होतं, म्हणून मी कायद्याचा एवढा आग्रह धरते आहे. शेजारच्या नेपाळमध्ये बघा. तिथे प्रत्येक प्रभागात निवडून येणाऱ्या पाचजणांत दोन बायका आणि त्यांतली एक दलित असलीच पाहिजे, हे कायद्यातच घातलंय. २०१७ पासून कुठल्याही पक्षाच्या मर्जीवर ते अवलंबून राहिलेलं नाही.

बायकांना विचारून काय वेगळं होणार, असं आमचे मिस्टर परवा म्हणाले. त्यांना मी एक अभ्यास सांगितला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (ज्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं) या दोघांनी पश्चिम बंगालमधला एक जिल्हा आणि राजस्थानमधला एक जिल्हा घेऊन पंचायती तपासल्या. २००४ साली ते छापून आलं. जिथे सरपंचपद बाईसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. आणि बंगालमध्ये, जिथे प्रधान बाई होती तिथे सभेला येणाऱ्यांत बायकांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर गेलं होतं. वाढ झाली, हे चांगलंच. पण मला तो दहाचा आकडाच जास्त बोलका वाटतो. खुर्चीवर बाई बसूनही समोर शंभरात दहाच!

आमच्याकडे प्रशासकांच्या चार वर्षांत काय झालं ते सांगते. आठवडी बाजारात भाजी विकायला खेड्यांतून बायका येतात. सकाळी सातला घर सोडलेल्या त्या बायका संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण बाजारात बायकांसाठी एकही मुतारी नाही. आम्ही साठ सह्यांचा अर्ज दिला. पोच मिळाली, आवक क्रमांक मिळाला. पुढच्या मार्चमध्ये बाजाराच्या तोंडाशी रंगीत दिव्यांचा 'सेल्फी पॉइंट' उभा राहिला. मार्चअखेर पैसा खर्ची पडायला हवा होता, असं नंतर कळलं. अधिकाऱ्यांना दोष देऊन तरी काय करू? त्यांनी कुणालाच विचारलं नाही, कारण विचारायची जागाच नव्हती. आणि माझी चूक म्हणजे तो आवक क्रमांक मी डायरीत लिहून ठेवला आणि वर्षभर परत फिरकले नाही. घरात सासूबाईंचं आजारपण होतं, पण बाजारातल्या बायकांना ते कारण सांगायची मला लाज वाटते.

आपल्या हातात अगदीच काही नाही असंही नाही. प्रभागातलं दारूचं दुकान बंद करायला महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी निवेदन दिलं तर मतदान घेतात, आणि एकूण महिला मतदारांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. किती अवघड अट ही! तरी बायकांनी ती पार केली आहे. म्हणजे विचारलं तर बायका घराबाहेर पडतात.

शिवाय २००९ मध्ये आपल्या राज्याच्या शहरांच्या कायद्यात 'क्षेत्रसभा' हा शब्द आला. एका भागातल्या मतदारांची सभा, अध्यक्ष तिथले नगरसेवक. शब्द छान आहे. मी आमच्या गावात दहाजणांना विचारलं, त्यांत दोन माजी नगरसेवकही होते. कुणी ऐकलेला नव्हता! आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी नगरसेविकेने आपल्या मतदारांना एका ठिकाणी बोलावून कामं विचारायला कुणाची बंदी आहे? मंगल कार्यालय मिळतं, माइक मिळतो, दीडशे डबे मिळतात.

हेच मी आमच्या नगरसेविकेला जाऊन सांगितलं. सोबत खालच्या गल्लीतल्या काकूंना नेलं. नवं बजेट तर मंजूर झालंय, पण आपल्या प्रभागाची सगळी कामं अजून ठरायची आहेत, निदान ती तरी विचारून ठरवू या, एवढीच विनंती. त्या आधी म्हणाल्या, "यांना विचारून सांगते." मी काही बोलले नाही. काकू मात्र बोलल्या, "त्यांना काय विचारायचं? मत आम्ही तुम्हाला दिलंय." नगरसेविका जरा वेळ गप्प बसल्या, मग हसल्या आणि त्यांनी कॅलेंडर काढलं.

मग वेळेची चर्चा सुरू झाली आणि खरं सांगते, अर्धा तास तीच चालली. मंगळवारी बाजार, नको. पाण्याच्या दिवशी नको. सकाळी धुणीभांडी करणाऱ्यांना जमत नाही, संध्याकाळी सातनंतर स्वयंपाक आणि पोरांचे क्लास. रविवारी नवरे घरी असतात, चहा-नाश्ता संपत नाही. शेवटी शनिवारी दुपारी साडेतीन ठरलं, शाळेच्या पटांगणात, कारण मंगल कार्यालयात खालच्या गल्लीतल्या बायका चपला कुठे काढायच्या या विचाराने दारातच थांबतात. हे काकूंनी सांगितलं, मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. नगरपरिषदेचा एक पाणीपुरवठ्याचा माणूस सभेत बसलाच पाहिजे, अशी अट काकूंनीच घातली. नगरसेविकेने ती लिहून घेतली.

आता सतरंज्या बचत गटाकडून येतील. निरोप द्यायचं काम माझ्याकडे आहे. हळदीकुंकवाची यादी नगरसेविकेच्या वहीत आहे, ती मी मागितली नाही. मतदार यादी घेतली आहे. आमच्या यादी-भागात बायकांची नावं सहाशेच्या वर निघाली, आणि आज संध्याकाळी मोहल्ल्यापासून सुरुवात करायची आहे.